तीसला एकतीस

शनिवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी राजेश्वरीचा भाला मैदानात रुतला. क्रीडाशिक्षक अजिनाथ सरांनी तिथे खुंटी ठोकली, मला दोनदा पसरलं आणि आकडा वाचला: अठ्ठेचाळीस मीटर साठ. हवे होते पन्नास.

मित्रांनो, तो आकडा माझा होता आणि तो चुकीचा होता. मी खर्ड्याच्या शाळेतला तीस मीटरचा जुना कापडी टेप आहे.

दिल्लीत दुसऱ्यांदा आशियाई खेळ भरले, त्या १९८२ साली मी तयार झालो. माझ्या गोल चामडी डबीवर त्या खेळांचा अप्पू हत्ती चिकटवलेला होता. आता फक्त सोंड उरली आहे. नवा होतो तेव्हा तालुक्याच्या स्पर्धांना मला मुद्दाम नेत. पंच म्हणत, "खर्ड्याचा टेप आणा, म्हणजे वाद नको."

पण आमचा भाग कोरडा, आणि गावात एवढा लांब टेप दुसरा नव्हता. विहिरीत पाणी किती, खोदाई किती झाली, हे बघायला लोक मला मागून नेत. टोकाला दगड बांधून खाली सोडत आणि ओलाच गुंडाळत. शाळा गावाचीच, नाही म्हणणार कोण? चाळीस वर्षांत मी ताणत गेलो. अंगावरचे आकडे मात्र तेच राहिले. मी सगळ्यांना मोजलं, मला कोणी मोजलं नाही.

राजेश्वरी तीन वर्षांपूर्वी सरावाला आली. आई-वडिलांबरोबर उसाच्या फडात मोळ्या उचलून तिचे खांदे आधीच तयार होते. सर रोज सरावाआधी आशियाई खेळांचा इतिहास सांगत. "एक्कावन्न साली दिल्लीतच सुरू झाले. तेव्हा अकरा देश होते, आता पंचेचाळीस. मागच्या वेळी हांगझोऊला बायकांच्या भालाफेकीचं सोनं आपण आणलं. दोन हजार तीसला दोहा."

"सर, दोहाला ऊस असतोय का?"

"नाही गं, वाळू असते."

"मग जाते मी."

त्या दोहाच्या खेळांसाठी मुली घडवणारं एक शिबिर पुण्यात भरणार होतं. त्याच्या निवड चाचणीला पन्नास मीटर फेकल्याचा शाळेचा दाखला हवा होता. अर्जाची मुदत त्याच शनिवारी दुपारी संपत होती, आणि त्याच दुपारी ऊसतोडणीच्या टोळीचा ट्रॅक्टर कारखान्याकडे निघणार होता. राजेश्वरीची आई केशरबाई हिने आधीच बजावलं होतं: पन्नास झाले तर राहा, नाही तर चल.

आठ वाजता केशरबाई डोक्यावर बोचकं घेऊन मैदानावर आली.

"किती झालं, मास्तर?"

"अठ्ठेचाळीस साठ."

"म्हंजी न्हाईच की. चल गं राजे."

"आये, आजून एक फेकू दे."

"दीस मावळंस्तवर फेकशील तू!" तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. "मास्तर, आमच्या हिरीवर नेल्ता त्योच का ह्यो टेप?"

"तोच. शाळेत एकच आहे."

केशरबाईनं बोचकं खाली ठेवलं. "उन्हाळ्यात ह्यानंच हिर मोजली. धा मीटर भरली. धा मीटर पाईप आनला, तर तळाला फूटभर टेकलाच न्हाई! म्या त्या दुकानदाराला भर चौकात शिव्या दिल्या. त्याचा पाईप बरूबर हुता, मास्तर. ह्योच लबाड हाय!"

सरांनी मोटारसायकल काढली. बंधाऱ्याच्या कामावर गेले आणि गोरक्ष मिस्त्रीचा पोलादी टेप घेऊन आले. तो माझ्या शेजारी पसरला. माझे तीस मीटर संपले, तिथे त्याचे एकतीस होते.

खुंटी जागेवरच होती. पोलादी टेपानं पुन्हा मोजलं.

"पन्नास मीटर बावीस," सर म्हणाले.

"परत वाचा," केशरबाई म्हणाली. सरांनी परत वाचलं. राजेश्वरीनं भाला डोक्यावर धरून मैदानाला अख्खी फेरी मारली.

मित्रांनो, भर मैदानात मी लबाड ठरलो. पण तालुक्याच्या पंचांनी नावाजलं, तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

केशरबाईनं बोचकं उचललं. "ऱ्हा तू हितं. आन् त्या दुकानदाराला सांग, आई चुकली म्हनून. म्या न्हाई सांगनार!"

साडेअकराला अर्ज गेला. एक वाजता ट्रॅक्टर गेला, राजेश्वरीशिवाय.

आता मैदानासाठी नवा पोलादी टेप आला आहे. मी फक्त विहिरीवर जातो. सरांनी माझ्या डबीवर खिळ्यानं कोरलं आहे: 'तीसला एकतीस'. त्यामुळे माझा हिशेब आता चुकत नाही. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला ओला गुंडाळू नका, ज्या कामाचा आहे त्याच कामाला लावा. आणि ज्या मापानं कुणाला कमी ठरवणार असाल, ते माप आधी एकदा तपासून बघा.

गेल्या रविवारी पुण्यात चाचणी झाली. तिथे टेप नसतो, यंत्र मोजतं. यंत्रानं राजेश्वरीची फेक एक्कावन्न मीटर दहा मोजली. शिबिरात बारा मुली घेणार आहेत. केशरबाई रोज संध्याकाळी फडातून फोन करते.

यादी अजून लागलेली नाही.