अर्धं भादरलेलं डोकं

राजाचा जासूद आला म्हणताच गावातले पुरुष चौकात पालथे पडले, बायका गुडघ्यांवर बसल्या. उभी राहिली ती एकटी आमोके.

ओयो या राजधानीतल्या राजवाड्यात वीस वर्षं तिने जासुदांची डोकी भादरली होती. अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर केसांची वेणी, हीच त्यांची ओळख. या पावसाळ्यात ती गावी परतली, तर मेलेल्या बहिणीची पोर अबिके घरात नव्हती. वर्षापूर्वी जासूद येऊन राजासाठी घेऊन गेला म्हणे. पण राजवाड्यात अशी पोर आलीच नव्हती. तेव्हापासून आमोके आतून पेटलेली होती.

"राजाचं बोलावणं आहे. दोन पोरी द्या, आत्ताच," जासूद गुरकावला.

"मागच्या वर्षी आलेला तो हाच का?" तिने गावप्रमुखाला विचारलं.

"हाच. खाली बस ना बाई, गाव जाळायला लावशील!" तो मातीत तोंड खुपसूनच पुटपुटला.

आमोके सरळ जासुदापुढे गेली. "डोकं दाखव."

"ए म्हातारे! राजाच्या माणसाच्या डोक्याला हात लावलास तर तोडून टाकीन."

"वीस वर्षं लावलाय!" तिने त्याची वेणी धरून मान खाली खेचली.

खऱ्या जासुदाच्या टाळूवर नेमणुकीच्या दिवशी चिरे देऊन औषध भरतात. ते व्रण जन्मभर हाताला लागतात. याची टाळू गुळगुळीत होती.

"एक व्रण नाही! उठा मेल्यांनो, बघा या!"

तो पळाला, पण तरण्या पोरांनी त्याला पाडून बांधला. आमोकेने त्याच्या मुस्काटात दिली. "अबिके कुठंय?"

"विकली. समुद्राकडं. जहाज कधीच गेलं."

तिने त्याच्या दोराची गाठ आणखी आवळली. गावप्रमुख अंगावरची माती झटकत जवळ आला. "आम्हाला तरी कसं कळावं? डोकं अर्धं भादरलेलं होतं..."

"वस्तरा काय राजाकडंच असतो? एकानं तरी विचारायचं होतंत! तुझी स्वतःची पोर असती तर मान वर केली असतीस. आईबाप नसलेली होती, म्हणून दिलीत."

गावप्रमुख म्हणाला, "याला घेऊन मी जातो ओयोला. राजापुढं मी बोलतो."

"मीच बोलणार. नेणाऱ्याचं नाव सांगेन आणि देणाऱ्याचंही."

"आमोके, अगं, पाया पडतो..."

"पड. सवय आहेच तुला."

तिने दोराचं टोक पोरांच्या हातात दिलं आणि ओयोच्या वाटेला लागली.