सातव्या वर्षाचं आइस्क्रीम

मी सात वर्षांची झाले तेव्हा फुई, म्हणजे माझ्या बाबांची बहीण, म्हणाली, "चाल वं अरवा, तुले सीताबर्डीत आइस्क्रीम खाऊ घालते."

मी चपला घातल्याही. पण आई दारात आडवी आली.

"आइस्क्रीम कशाले म्हणता? खतना म्हणा! पोरीले कापा, असं कुराणात कुठं लिहिलंय, दाखवा."

"लिहिलेलं काहून पाहिजे? आपल्या बोहऱ्यांत आईनं केलं, आजीनं केलं."

"मग रीत म्हणा. अल्लाचं नाव कशाले घेता? अन् ती रीत माझ्यापाशी संपली."

फुई वर्षभर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायली नाही. सीताबर्डीला मला आईनंच नेलं, पण स्वतः चमचा लावला नाही. पुढंही कधीच नाही. मला वाटायचं, हिचे दात ठणकतात.

मुलीच्या नाजूक जागी पातं लावतात, हे मला मोठेपणी कळलं. आईलाही आइस्क्रीमच्याच नावानं नेलं होतं, हे तर काल कळलं. ती आडवी आली म्हणून मी उभी आहे.

आज माझी लेक सात वर्षांची झाली. आम्ही तिघी त्याच दुकानात बसलो. लेकीनं आपला चमचा आजीपुढं धरला.

आईनं तोंड उघडलं.