वाणाची बाटली

आमच्या के. आर. पुरमच्या बिल्डिंगीत नळाला गटाराचं पाणी येतं. पिवळं, वर फेस. बिल्डिंग बांधली रघुपती अण्णांनी. शहरातली तीन न्यूज चॅनेलं अण्णांची, सकाळचा पेपरही अण्णांचाच. त्यामुळे आमचं पाणी स्वच्छ आहे. शंका आली तर चॅनेल बदलून बघावं, तिथंही स्वच्छच असतं.

माझी नात हर्षिता त्यातल्याच एका चॅनेलात बातमीदार. पोरीनं पाणी तपासून आणलं, बातमी केली. साहेबांनी ती दाबली, वर दम दिला, परत विषय काढलास तर घरी बस.

"मग दुसऱ्या चॅनेलाला दे," मी म्हटलं.

"आज्जी, तेही अण्णांचंच."

"आणि तिसरं?"

"ते परवाच घेतलं त्यांनी."

"सरी, कळलं. म्हणजे हॉटेलं तीन, उपमा एकच."

संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. वाण काय द्यायचं, सून विचारत होती. वाटी की डबा?

"बाटल्या आण आणि नळाखाली धर," मी म्हटलं.

"अत्ते, असलं पाणी वाण म्हणून?"

"तुझ्या टीव्हीत शुद्ध म्हणतात ना? भर."

बायका आल्या. अण्णांची बायको धनलक्ष्मीही आली. आमच्या महिला मंडळाची ती अध्यक्षीण, न येऊन सांगते कुणाला! मी प्रत्येकीला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात बाटली ठेवली.

"हे काय, अक्का?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"तुमच्याच बिल्डिंगीचं पाणी. घरी स्वल्प चहा करून अण्णांना पाजा."

हळदीकुंकवाचं वाण सवाष्ण परत करत नाही. घेतलं बिचारीनं, पदराखाली लपवलं. मग हर्षितानं उभं राहून गटाराचा पाइप कुठं फुटला, अण्णांना कधीपासून ठाऊक आहे, सगळं सांगितलं. धनलक्ष्मीला निम्म्यातून उठता येईना.

दोन दिवसांनी तिन्ही चॅनेलांवर एकच बातमी. 'अण्णांची दानत, रहिवाशांना नवी पाइपलाइन भेट!' गटाराचं नाव नाही. हर्षिताला त्याच दुपारी नोकरीवरून काढलं.

पोरगी डोळे पुसत म्हणाली, "आज्जी, माझी बातमी शेवटी आलीच नाही."

"घरोघर गेली की, बाटलीसकट. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं आहेत. उद्या व्हाइटफील्डला भागुबाईकडं बोलावणं आहे. तीही बिल्डिंग अण्णांचीच. साडी इस्त्री कर. तिनं नळाखाली बाटल्या लावल्यात."