खंडेनवमीचं तेल

जुळे सोलापुरात कुणाला उतार बघायचा असेल, तर त्यानं बिभीषणच्या अपार्टमेंटचं पार्किंग बघावं. रस्त्यावरून तळघरात जाणारा तो सिमेंटचा घसरता तुकडा सोडला, तर सगळी वसाहत भाकरीसारखी सपाट. आणि अशा ठिकाणी राहून बिभीषणनं सायकल घेतली ती डोंगर उतरायची. पुढच्या चाकाला धक्के झेलणारा शॉक, मागच्या चाकाला शॉक, टायर असे जाड की बघणाऱ्यानं हात लावून बघावेत. ही सायकल तो रोज सकाळी होटगी रस्त्यावर चालवायचा, तीही दोन्ही शॉक कळ फिरवून बंद करून. सपाट रस्त्यावर ते उघडे ठेवले की सायकल नुसती झुलते, पुढं सरकत नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ती घेतली तीच गोष्ट बांधून ठेवून तो ती चालवत होता. हे त्याला अजून कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, एवढंच.

सायकल फार भारी नव्हती आणि अगदीच साधीही नव्हती, मधली होती. मधल्या वस्तूचं दुखणं वेगळंच असतं. साध्या वस्तूकडून माणूस काही मागत नाही आणि भारी वस्तूकडं मागायला काही उरत नाही. मधलीत मात्र रोज काहीतरी खुपतं. आधी पुढचं चाक धरणारा फोर्क खुपला. तो बदलला, तर त्याच्यापुढं मागचा शॉक गावठी दिसायला लागला. तो बदलला, तर टायर. मग बोटानं कळ दाबली की खाली बसणारी सीट आली, मग हँडल रुंद झालं. काढलेला प्रत्येक जुना भाग बिभीषण फडक्यात गुंडाळून दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा आणि बायकोला, सोनालीला, बजावायचा, "फेकू नको हं. कधीतरी लागतंय."

"अहो, त्या पेटीत आता दुसरी सायकल तयार झाली असेल," सोनाली म्हणायची.

शहरातल्या सायकलवाल्यांचा एक ग्रुप होता. त्यात बिभीषणला फार मान. कुठला शॉक घ्यावा, त्यात हवा किती भरावी, टायरची नक्षी कशी असावी, काहीही अडलं की पोरं ह्याला विचारायची. हा विमा कंपनीतल्या टेबलावर बसून, फायलीच्या आडून, लांबलचक उत्तरं लिहायचा. उत्तरं बरोबर असायची. फक्त ती सगळी वाचून आणि बघून आलेली होती.

ह्या ग्रुपचं एक व्रत होतं. दसऱ्याला सगळी दुनिया सीमोल्लंघन करते, तसं ह्यांचंही. सकाळी गाडीच्या टपावर सायकली बांधायच्या, तुळजापूरच्या अलीकडचा डोंगर चढायचा आणि मुरमाच्या पायवाटेनं सायकलीवरून खाली उतरायचं. बिभीषण एकदाही गेला नव्हता. कधी त्याचा फोर्क यायचा होता, कधी शॉक बसवून व्हायचा होता. "एवढं काम होऊ द्या, पुढच्या दसऱ्याला नक्की," हे त्याचं ठरलेलं उत्तर. सोनाली त्यावर म्हणायची, "नाचता येईना," आणि पुढचं अंगण त्याच्यावर सोडून द्यायची.

खरी गोष्ट अशी, की बिभीषणला भीती वाटत होती. देवीच्या दर्शनाला जाताना घाटात गाडी थांबवून त्यानं एकदा ती पायवाट वरून पाहिली होती. नुसतं बघून तो गाडीत परत जाऊन बसला होता. ही भीती एक वेळ चालली असती. भित्रा माणूस घरी बसतो, कुणाचं काही अडत नाही. पण ज्याला सगळे विचारायला येतात, त्यानं सगळ्यांदेखत सायकल हातात धरून डोंगर उतरायचा? ह्या विचारानंच त्याचे कान तापायचे. त्यात प्रत्येक नव्या भागानं एक सबब कमी होत होती आणि लाज मात्र वाढत होती.

यंदा श्रावणात ब्रेकच्या नव्या चकत्या आणि नवे पॅड बसले, आणि सायकलीत बदलायचं काही राहिलंच नाही. नको असलेल्या स्थळात खोड काढावी तसा तो तिच्याभोवती फिरून बघायचा, पण पोरगी सर्वगुणसंपन्न निघाली होती. ग्रुपचा म्होरक्या ऋतुराज. त्याचा फोन आला. "सर, यंदा तुमची जागा धरलीय बरं का. आणि पहिला मान तुमचा. तुमी पुढं उतरायचं, आमी मागनं. पोरं म्हणतेत, सरांची लाइन बघायची आहे, कुठनं कसं उतरतेत ती."

"येतो की," बिभीषण म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून तो पुन्हा सायकलीभोवती फिरून आला.

सायकल राहायची बाल्कनीत. त्याच बाल्कनीत, लोखंडी जाळीला पाठ लावून, घोंगड्यावर त्याचे वडील, येडूआबा, बसायचे. आबांनी सगळी हयात मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरांमागं काढली. गुडघे गेले तेव्हा मेंढरं पुतण्याच्या, प्रभुच्या, हवाली केली आणि लेकाकडं दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिले. येताना घोंगडं आणलं आणि लोकर कातरायची कातर आणली. मेंढरं नाहीत, पण दर खंडेनवमीला ती कातर राखेनं घासायची, करडीचं तेल पाजायचं, हळदकुंकू लावून देव्हाऱ्यापुढं ठेवायची. तेवढा एक दिवस आबा कुणाचे तरी धनी असल्यासारखे वागायचे. एरवी दिवसभर सायकल आणि आबा एकमेकांकडं बघत बसत. दोघांनाही तिथून कुठं जायचं नव्हतं.

खंडेनवमीला बिभीषण दुपारीच घरी आला. उद्याच्या विचारानं त्याचं अन्नावरचं मन उडालं होतं. दारात पाय ठेवला तर आबांचा चेहरा फुललेला.

"ये, ये. बग तुजी सायकल."

सायकलीला झेंडूचा हार, हँडलला हळदकुंकू, खाली तांदळावर नारळ. आणि सगळी सायकल तेलानं तुकतुकत होती. साखळी, तारा, आणि ब्रेकच्या दोन्ही चकत्या. चकत्यांना तर आरशासारखी झळाळी आली होती.

"लई कोरड्या पडल्या हुत्या रं ह्या," आबा चकतीवर बोट फिरवत म्हणाले. "चाक फिरवलं की निस्त्या घासत हुत्या. म्हटलं, उद्या पोरगं डोंगरात जातंय, हत्यार कोरडं नगं. वाटीभर करडीचं तेल पाजलं. मुरवलं चांगलं."

डिस्क ब्रेकला तेलाचा थेंब लागला तरी तो धरत नाही. इथं तर अभिषेक झाला होता. बिभीषण सायकल खाली घेऊन गेला, पार्किंगच्या उतारावर तिच्यावर बसला आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबले. सायकल सावकाश, अगदी मायेनं, खाली उतरली आणि भिंतीला जाऊन टेकली.

भिंतीला टेकल्या टेकल्या बिभीषणला काय वाटलं, तर सुटका. इतकी मोठी, इतकी गोड सुटका, की त्याला हसू आलं. सबब नुसती मिळाली नव्हती, देवापुढं पुजून मिळाली होती. त्यानं तिथूनच ऋतुराजला कळवलं: ब्रेक गेले, वडिलांनी चुकून तेल लावलं, यंदा जमत नाही.

वर आला तेव्हा त्यानं चेहरा जरा पाडला होता. "ब्रेक गेले," तो म्हणाला. "ह्याला तेल चालत नाही, आबा. उद्याचं काही खरं नाही."

आबांच्या चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं. "तेल चालत न्हाय?" त्यांनी हातातल्या फडक्याकडं बघितलं. "लोखंडाला तेल चालत न्हाय?"

तेवढ्यात सोनालीनं दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडून एक पुडकं काढलं. "श्रावणात काढलेल्या चकत्या आणि पॅड ह्यातच ठेवलेत ना तुम्ही? चांगले आहेत म्हणाला होतात. मग हेच बसवा की. मीही फेकले नाहीत, कधीतरी लागतंय म्हणून."

पुडकं बिभीषणच्या हातात आलं. आत सगळं होतं. जुन्या चकत्या, जुने पॅड, पुसून, कोरडे खडखडीत. बसवायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला असता. आबा आशेनं त्याच्याकडं बघत होते. त्या क्षणी खरं बोलायला काही लागत नव्हतं. पण त्याच्या डोळ्यापुढं ती मुरमाची वाट आली, तिच्या वर उभा असलेला तो स्वतः, आणि मागं रांगेत थांबलेली पोरं.

"हे बसत नाहीत," तो म्हणाला. "माप बदललंय."

सोनालीनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. पण पेटी तिनं दिवाणाखाली सरकवली नाही. आबा उठले, देव्हाऱ्यापुढची कातर उचलली आणि घोंगड्यावर जाऊन पाठमोरे बसले. संध्याकाळी जेवायला बोलावलं तर म्हणाले, भूक न्हाय.

दसऱ्याला सकाळी प्रभु आला, मंगळवेढ्याच्या एसटीनं, आपट्याची पानं घेऊन. दरवर्षी तो असाच यायचा, थोरल्या चुलत्याला, म्हणजे त्याच्या नानांना, सोनं द्यायला. पुरणपोळी झाली, मेंढरांची विचारपूस झाली. बिभीषणच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. डोंगरावरून फोटो येत होते. त्यानं एकही उघडला नाही.

"नाना, सायकल लई झ्याक दिसतीया," प्रभु बाल्कनीकडं बघून म्हणाला.

"मोडली म्या ती," आबा म्हणाले. "पोरानं किती वर्सं खपून केली, आन म्या अडाण्यानं तेल घालून वाटोळं केलं. आज जायचं हुतं त्येला."

"आबा, जाऊ द्या की ते," बिभीषण म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला.

आबांनी उशीखालून एक फडकं काढलं. त्यात कातर गुंडाळलेली होती. ती त्यांनी प्रभुपुढं धरली.

"ही तू घिऊन जा."

"नाना! ही कशापायी? ही तुमची हाय."

"हितं नगं. हितं तिचं काम न्हाय. ती हाय म्हणून नवमी येती, नवमी आली की हात वळवळतो, आन मग मी कशाला बी तेल लावत सुटतो. नगं रं. लोकाच्या घरात हात लावायचा न्हाय, हे मला आदी कळाय पायजे हुतं."

लोकाच्या घरात. बिभीषणनं ते ऐकलं. काल जे त्याला सुटका वाटलं होतं, ते आता त्याच्या बापाला घराबाहेर काढत होतं. सांगावं तर तोंड कुठं लपवायचं? न सांगावं तर ही कातर जाते, आणि पुढं सायकल दुरुस्त करायचीही सोय नाही, कारण दुरुस्त झाली की डोंगर पुन्हा समोर. त्यानं स्वतःलाच चारी बाजूंनी कोंडून घेतलं होतं. प्रभु नाइलाजानं कातर पिशवीत ठेवायला लागला. सोनाली दाराशी उभी होती आणि नवऱ्याकडं बघत होती.

बिभीषण उठला. पेटीतलं पुडकं काढलं आणि सायकल हारासकट घराच्या मध्यभागी आणून उलटी केली. चाकं काढली, तेलकट चकत्या सोडवल्या, ब्रेकच्या आतला भाग स्पिरिटनं पुसला, जुन्या चकत्या बसवल्या, जुने पॅड सरकवले. एकही बोल्ट अडला नाही. चाकं लावून त्यानं पुढचं चाक जोरात फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

आबांनी बोटानं चाक ढकलून बघितलं.

"बसलं की," आबा म्हणाले.

"व्हय."

"काल बी बसलं असतं?"

"व्हय, आबा." बिभीषण जमिनीकडं बघत होता. "मला उताराचं भ्या वाटतंय. पयल्यापासनं वाटतंय. तुमी तेल लावलं ते बरंच झालं, असं वाटलं मला."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बिभीषणला सोपं गेलं असतं.

"भ्या वाटतं त्यात काय न्हाय रं," आबा म्हणाले. "मेंढरामागं सगळी हयात गेली माजी, मला बी वाटायचं. पर तू ते माज्या हातावर घातलंस. रातभर मी ह्यो हात बगत बसलो."

बिभीषणच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला ते पुसताही आलं नाही, हात काळे झाले होते.

आबांनी प्रभुच्या पिशवीतून कातर काढून घेतली. फडकं सोडलं आणि ती बिभीषणच्या मांडीवर ठेवली. शेजारी करडीच्या तेलाची वाटी सरकवली.

"हिला तेल लाव. काल समदं तेल सायकलीलाच गेलं, हिचं ऱ्हायलं. तू लाव."

बिभीषण तेल लावायला लागला. आबा भिंतीला धरून उठले, खुंटीवरचं मुंडासं काढलं आणि डोक्याला गुंडाळायला लागले.

"सोनाली, पोरी, गाडी सांग एक. सायकल टपावर बसंल अशी. प्रभु, तू बी चल, सांजच्या गाडीनं जा."

"कुटं, नाना?" प्रभुनं विचारलं.

"डोंगराला. ऊन हाय अजून." त्यांनी बिभीषणकडं बघितलं. "पोरं गेली असतील आता. कोण बगाय न्हाय. मी खाली बसतो, तू वरनं ये. सायकल हातात धरून आलास तरी चालंल. पर खाली माज्यापत्तुर ये."

सोनालीनं फोन कानाला लावला. बिभीषणनं पेटीकडं बघितलं, सायकलीकडं बघितलं. आता नवीन काही सांगण्यासारखं त्याच्याजवळ उरलं नव्हतं. त्यानं कातर पुसून देव्हाऱ्यापुढं ठेवली आणि हात धुवायला गेला.