आंघोळ राहून गेलेली काठी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी एक जुनी गळाची काठी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. साडेसहा फूट उंची, काळा कार्बनचा देह, दिसायला ताठ. पण माझ्या टोकाला नुसतं बोट लावलंत तरी मी बुंध्यापर्यंत थरथरते. मासा आमिषाला हुंगून गेला तरी हातातल्या माणसाला ते कळावं, म्हणून मला असं घडवलं आहे. घाबरणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना.

माझ्या पोटाशी एक रीळ बसवलेलं आहे. त्याच्यावर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असतो. तो माझ्या अंगावरच्या कड्यांतून ओवत जातो आणि टोकाच्या बारीक कडीतून बाहेर पडतो. काठी, रीळ आणि तंगूस असे आम्ही तिघं. एकाचं बिघडलं की तिघांचं बिघडतं. माझी गोष्ट त्याचीच आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी ठाण्यातल्या एका दुकानाच्या कोपऱ्यात उभी होते. तिथे शिवराम आले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत ते लेथवर काम करत. सोबत दहा वर्षांची मुलगी होती, कल्पिता. दुकानदार त्यांना जाड, चकाकत्या, सोनेरी पट्ट्यांच्या काठ्या दाखवत होता.

"साहेब, ही घ्या. हिने म्हैस ओढाल."

"म्हैस मी तबेल्यातून आणेन," शिवराम म्हणाले. "मला जिताडा धरायचाय."

मग त्यांनी मला उचललं. माझं टोक दुकानदाराच्या हातात दिलं आणि मला हळूहळू वाकवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली भीती. आता मोडते, असं वाटलं. पण माझं टोक वाकलं, कंबर थोडी वाकली, बुंधा मात्र तसाच राहिला. "असं पाहिजे," ते मुलीला म्हणाले. "टोक ऐकणारं आणि बुंधा हट्टी. तुझ्या आईसारखा."

रीळ त्यांनी कानाला लावून निवडलं. दांडी फिरवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. दोन रिळं खरखरली म्हणून परत ठेवली, तिसरं गप्प फिरलं. तंगूस मात्र बारीक घेतला. जाड दोरा हवेत नीट सुटत नाही आणि मासा त्याला ओळखतो. फक्त शेवटचा हातभर तुकडा जाड घ्यायचा, कारण जिताडा हा खाडीतला दांडगा मासा, त्याच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं. एका झटक्यात तो बारीक दोरा कापून मोकळा होतो.

त्यानंतर मोठागावच्या खाडीवर आमचे रविवार सुरू झाले. रेतीबंदराच्या दगडी पायऱ्यांवर शिवराम उभे राहत. शेजारी त्यांचे दोस्त धाकूकाका होडीला डांबर लावत नाहीतर जाळं सांधत बसलेले असत. माणकोलीचा पूल तेव्हा झाला नव्हता. जिवंत कोळंबी गळाला लावायची, भरतीच्या पाण्यात टाकायची आणि वाट बघायची. गळ टाकण्याआधी शिवराम दर वेळी एक गोष्ट करत. तंगुसाचं टोक खालच्या ओठावरून हळूच ओढत नेत.

"बाबा, शी! ओठाला काय लावता?" कल्पिताने एकदा विचारलं.

"लेथवर बोटं जाड झाली गं, कल्पू. बोटाला लागत नाही ते ओठाला लागतं. बघ, इथे खरवडलाय." मग ते तेवढा तुकडा कापून टाकत आणि नवी गाठ बांधत. गाठ आवळताना तिला थुंकी लावत. कोरडी गाठ आवळली की दोरा तापतो आणि आतून कमजोर होतो.

घरी आल्यावर आधी आमची आंघोळ आणि मग त्यांची. खाडीचं पाणी खारट. ते अंगावर सुकलं की त्याचं मीठ होतं आणि मीठ लोखंडाला खातं. रिळाच्या डोक्यावर एक चकती असते, तो ब्रेक. धुताना शिवराम तो गच्च आवळत, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. मग बादलीतलं गोडं पाणी मगाने हळूहळू ओतत. मऊ फडक्याने पुसत. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवत. कापसाचा धागा अडकला तर समजायचं की कडीला तडा गेलाय आणि ती आता दोरा कापणार. रिळाच्या दांडीला तेलाचा एक थेंब. आणि सगळ्यात शेवटी, विसरायचं नाही असं, चकती उलट्या दिशेने तीन वेढे फिरवून ब्रेक पूर्ण सैल करायचा. आवळलेला ठेवला तर आतल्या चकत्या एकमेकींना चिकटून बसतात आणि ऐन वेळी रीळ दोरा सोडत नाही.

मोठा मासा लागला की पहिल्या झटक्याला त्याला कधी अडवायचं नसतं, मित्रांनो. दोरा द्यायचा, पळू द्यायचं, दमू द्यायचं. सगळी कला त्या सैल ब्रेकमध्ये आहे.

"झाली का माझ्या सवतीची आंघोळ?" स्वयंपाकघरातून कल्पिताची आई विचारायची. "मग आता नवऱ्यालाही पाणी काढू का?"

मला त्या शब्दाचं वाईट वाटायचं नाही. उलट आपण घरातलं कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. गेल्या मार्चमधला रविवार. शिवराम नेहमीपेक्षा लवकर परतले. मला बाल्कनीत भिंतीला टेकवलं, नळाखाली बादली लावली, ब्रेक गच्च आवळला. आणि मग तिथल्या स्टुलावर बसले. "जरा बसतो," असं कुणाला तरी म्हणाले. बाल्कनीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. बादली भरली, वाहू लागली, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. पाण्याचा आवाज ऐकून कल्पिता आली. मग शेजारी आले, धावाधाव झाली, कुणाचा तरी पाय लागून मी पडले. माझं टोक फरशीवर आपटलं. कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष द्यावं अशी ती वेळही नव्हती.

शिवरामांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

चार दिवसांनी आईने मला उचललं आणि हातात फडकं घेतलं.

"आई, नको!" कल्पिता जवळजवळ ओरडलीच. "बाबांनी ठेवलंय तसंच राहू दे."

"अगं, निदान पुसते तरी."

"त्यांचा हात आहे त्याच्यावर. आणि ती गाठ, ती त्यांनी बांधलीय. कुणी हात लावायचा नाही."

तिने मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या मागे उभं केलं. फार जपून केलं तिने ते. आणि मित्रांनो, तिथून माझी खरी भीती सुरू झाली. शिवरामांनी ठेवलं होतं ते धुण्यासाठी, ते अर्धंच राहिलेलं काम होतं, हे तिला कसं सांगणार? अंधारात मला रीळ ऐकू यायचं. पहिल्या महिन्यात बारीक चरचर. मग तीही थांबली. चकत्या चिकटल्या. माझ्या टोकाच्या कडीला केसाएवढा तडा गेला होता. तो मला सारखा जाणवायचा, तुमच्या दाताला तुटका कोपरा जाणवतो तसा. आम्ही तिघं आतून संपत होतो आणि वरून अगदी जशीच्या तशी दिसत होतो.

वाटायचं, तिने मला कधी बाहेर काढू नये. आणि असंही वाटायचं, की उद्याच काढावं.

ऑक्टोबरात शिवरामांचा वाढदिवस रविवारी आला. सकाळी कल्पिताने चादर सोडली. "एकदाच," ती आईला म्हणाली. "बाबांच्या गाठीने एकदाच गळ टाकते आणि परत येते."

आईने डब्यात पोहे भरून दिले.

मोठागावला धाकूकाका होतेच. आता नव्या पुलाच्या सावलीत होडी ओढून बसतात. त्यांनी मला हातात घेतलं, रिळावरचे पांढरे डाग पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"धुतलंस का गो हिला?"

"नाही काका. बाबांनी ठेवलंय तशीच आहे."

"ठेवलंय? अगो, त्याला ठेवाया येळ कुठं भेटला?" त्यांनी चकती फिरवून पाहिली. ती हलली नाही. "हा तर फिरतच नाय. पोरी, आज नको टाकू. मी उघडून देतो."

"जोर नका लावू काका. मोडेल." तिने मला त्यांच्या हातून काढून घेतलं. "एकदाच टाकते. लागणार थोडंच आहे काही."

काकांनी कोळंबीचा डबा तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मोठा लागला तर काठी सोडून दे. समजलंस? धरून ऱ्हाव नको. पायरीवर शेवाळ हाय नि खाली गाळ. गाळात माणूस गेला की खाडी त्याला सोडत नाय."

कल्पिताने मान हलवली. पण तिच्या बोटांची पकड माझ्याभोवती घट्ट झाली, आणि मला कळलं की ही सोडणार नाही.

भरती चढत होती. काकांनी दिलेली कोळंबी तिने गळाला लावली. तंगूस ओठाला लावून पाहिला नाही. गाठीवर फक्त बोट ठेवलं, थोडा वेळ. मग गळ टाकला. काका वीसेक पावलांवर होडीकडे वळले.

मी पाण्यात बघत होते आणि मनात एकच म्हणत होते, कुणी येऊ नका. आज कुणी येऊ नका.

तो आला. आधी माझ्या टोकाला नुसता एक टपका बसला. मग पाणी फुटलं, रुंद चंदेरी कूस उलटली आणि तो खोल पाण्याकडे सुटला. जिताडा होता, चांगला मोठा. रिळाने आता दोरा द्यायचा होता. रीळ हललं नाही. सगळा झटका माझ्यात आला, माझ्यातून तिच्या खांद्यात गेला. ती एक पायरी घसरली.

"सोड गो!" काका तिकडून ओरडले. "काठी सोड!"

"नाही काका!"

दुसरी पायरी. शेवाळावर चप्पल निघून गेली. मी इतकी वाकले होते की माझं टोक पाण्यात बुडत होतं. तिने एक पाय खाली टाकला. तो दगडावर नाही, गाळात पडला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी तिच्या कमरेशी होतं. तिने दोन्ही हातांनी मला छातीशी धरलं होतं, आणि मासा आम्हाला दोघींना ओढत होता. मला बोलता आलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, कल्पू, सोड मला. मी काठी आहे.

दुकानातल्या त्या दिवशी मोडण्याची भीती वाटली होती. आता न मोडण्याची वाटत होती.

तेवढ्यात तंगूस टोकाच्या कडीवर घासू लागला. तिथेच, त्या केसाएवढ्या तड्यावर. सात महिने मला त्या तड्याची लाज वाटत होती. दोरा तिथे झिजत झिजत बारीक होताना मला जाणवला आणि कट् असा आवाज झाला. मी ताडकन सरळ झाले. ती मागे पायरीवर पडली. काकांनी तिला दंडाला धरून वर ओढलं. गाळाने तिचा पाय सोडताना घशातून काढल्यासारखा आवाज केला. तो आवाज मी विसरणार नाही.

बराच वेळ दोघं धापा टाकत बसले. मग तिने दोऱ्याचं तुटकं टोक हातात घेतलं.

"काका, गाठ गेली."

"गेली," काका म्हणाले. "तू हायस."

ती घरी आली तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता. आईने दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाल्कनीत जाऊन नळाखाली बादली लावली.

"आधी तू, की ही?"

कल्पिता माझ्याकडे बघत राहिली. "आधी ही."

"घाल मग सवतीला आंघोळ," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

ब्रेक अजून आवळलेला होता, शिवरामांनी आवळला होता तसाच. त्याच्यावर मार्चमध्ये पडायचं पाणी ऑक्टोबरात पडलं. एक मग, दुसरा मग. मीठ विरघळू लागलं. तिने जुन्या ब्रशने चकतीच्या कडा घासल्या, मला पुसलं, कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवला. टोकाच्या कडीत कापसाचा धागा अडकला. ती थांबली. तो पांढरा धागा वाऱ्यावर हलत होता. तिने तो कितीतरी वेळ पाहिला. मग चकतीला फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवू लागली. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. आईने येऊन वरून हात धरला, तेव्हा आत काहीतरी करकरलं आणि ब्रेक सैल झाला.

तेव्हा ती रडली, मित्रांनो. मार्चनंतर पहिल्यांदाच, असं आई नंतर धाकूकाकांना सांगत होती.

आता माझ्या टोकाला नवी कडी आहे. तंगूस नवा आहे, बारीक, आणि शेवटचा हातभर जाड. गाठ कल्पिताची आहे. ती शिवरामांएवढी सुबक नाही, पण थुंकी लावून आवळलेली असते. गळ टाकण्याआधी दोरा ओठावरून जातो. मी भित्रीच आहे, अजूनही थरथरते.

तुमच्याही घरात, मित्रांनो, कुणीतरी मागे ठेवलेली एखादी वस्तू असेल. सायकल, शिवणयंत्र, रेडिओ, कात्री. कदाचित कुणी तुम्हाला सांगितलं असेल की तिला हात लावू नका. तरी मोठ्यांना विचारून एकदा तिला उजेडात आणा. तिचं मीठ धुवा, तिला थेंबभर तेल द्या, तिचं काय राहून गेलंय ते बघा. तिच्यावरचा हात पुसला जाईल म्हणून घाबरू नका. माझ्यावर अजून शिवरामांचा हात आहे. दर रविवारी, सगळं धुऊन पुसून झालं की, कल्पिता चकती सैल करते. उलट्या दिशेने, तीन वेढे, अगदी त्यांच्यासारखी.