माझा पहिला खरारा

मी एक जुना लढाऊ घोडा आहे. अंगठ्याएवढा असलो म्हणून हसू नका, मित्रांनो. मी कैक लढाया लढलो आहे, फक्त त्या सगळ्या टेबलावरच्या. फासे टाकून खेळायच्या लढाईसाठी साच्यात माझा जन्म झाला आणि कुरिअरने मी सावेडीत आकिबच्या फ्लॅटवर पोहोचलो. तेव्हा मी नुसता करडा, बिनरंगाचा प्लास्टिकचा तुकडा होतो.

कारखान्यातून सुटला की आकिब आम्हा घोड्यांपुढे बसे. त्याने माझे पाय चिकटवले, अंगाला तांबूस तपकिरी रंग दिला. डोळा रंगवताना तर तो श्वास रोखून धरी. मी त्याच्या घोडदळाचा म्होरक्या! रविवारी पुण्याच्या स्पर्धेत मला पहिल्या रांगेत उभे राहायचे होते. रंग पक्का करणारा वॉर्निशचा हात तेवढा राहिला होता.

शुक्रवारी काष्टीहून त्याचे आजोबा, खाजाभाई, मुक्कामाला आले. वरातीची घोडी पाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेवटची घोडी शबनम वारली आणि त्यांच्या हातांना काम उरले नाही. आकिब कामावर गेल्यावर त्यांनी मला तळहातावर घेतले.

"आरं, तुकतुकी न्हाई तुझ्या अंगावर," ते म्हणाले आणि खोबरेल तेल व जुना टूथब्रश घेऊन घोड्याला घासतात तसे मला घासू लागले. चक्क खरारा! इतक्या मायेने मला कुणीच हात लावला नव्हता. मी सुखावलो होतो आणि पाठीवरचा रंग मात्र निघून चालला होता.

संध्याकाळी आकिबचा चेहराच उतरला. "दादा, हे काय केलंत? परवा स्पर्धा आहे!"

खाजाभाईंनी हात मागे लपवले. "चुकलं बाबा. मला वाटलं, घोडा हाय."

मला फार वाईट वाटले. आकिबने मला उजेडात धरून माझी पाठ निरखली. मग हळूच म्हणाला, "शबनमच्या पाठीवर इथंच पांढरं होतं ना?"

"व्हय. खोगीर घासून केसच पांढरे आल्ते तिला."

"मग इथं पांढराच रंग देतो. तुम्ही धरा घोडा."

आकिबने तेल पुसले. खाजाभाईंनी मला धरले. त्यांचा हात जराही हलला नाही.

पुण्यात आम्ही सडकून हरलो. पहिल्याच फेरीत मी आडवा झालो, पण पाठीवरचा पांढरा डाग सगळ्यांनी वाकून वाकून पाहिला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना तेल लावू नका. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे. आणि घरात कुणाचे हात रिकामे असतील, तर ते काम त्यांच्याकडे द्या. माझा खरारा आता खाजाभाईच करतात.