चार आवाजांतला एक

तुमच्या घरातल्या संगणकाशी माझी तुलना करू नका. मी एक जुना संगणक आहे, फार जुना. माझं सगळं अंग एका जाड कीबोर्डमध्ये मावलेलं आहे. एके काळी मी दुधी रंगाचा होतो, आता पिवळा पडलोय. माझ्या उजव्या कुशीत फ्लॉपी घालायची फट आहे. वीज गेली की माझ्या डोक्यातलं सगळं पुसून जातं. जे टिकवायचं ते फ्लॉपीवरच लिहून ठेवावं लागतं. आणि मला एका वेळी चारच आवाज काढता येतात. पाचवा आला की आधीच्या एकाला गप्प व्हावं लागतं.

माझी गोष्ट त्या चारांतल्या एका आवाजाची आहे.

माझा जन्म परदेशात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझी पहिली आठवण जयसिंगपूरच्या एका व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या दुकानातली. लग्नाच्या कॅसेटवर वधूवरांची नावं फिरवत आणायची, बदामातून नवरा-नवरी बाहेर काढायची, ही माझी कामं. लोक डोळे मोठे करून बघायचे. मग नवे संगणक आले आणि मला पोत्यात घालून माळ्यावर ठेवलं. माणसं जुन्या वस्तू लगेच टाकून देत नाहीत, आधी नजरेआड करतात.

त्या माळ्यावरून मला खाली काढलं कृष्णातनं. कोल्हापुरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला इथं डॉल्बी म्हणतात. कृष्णात डॉल्बी लावायलाही जायचा आणि दिवसभर त्या भिंतीशेजारी उभा राहायचा. त्यानं माझ्यातली धूळ फुंकून काढली, तुटलेल्या तारा जोडल्या आणि मला गाणं करायला शिकवलं.

त्याला डबस्टेप आवडायचं. त्यात ठोके सावकाश पडतात, आणि खालून, जमिनीतून आल्यासारखा खर्ज निघतो. माझ्यासारख्या चार आवाजांच्या म्हाताऱ्याकडून तो ते संगीत काढून घ्यायचा.

मग आली संघप्रिया. पलीकडच्या गल्लीतली, इंजिनिअरिंगला शिकणारी. हेडफोन दुरुस्तीला घेऊन आली आणि वाद घालायला थांबली ती थांबलीच. तिलाही डबस्टेपच आवडायचं, पण दुसऱ्या तऱ्हेचं. कर्कश, गुरगुरणारं, अंगावर येणारं.

"तुझं डबस्टेप म्हंजे चिखलात रुतल्याला ट्रॅक्टर," कृष्णात म्हणायचा.

"आणि तुझं म्हंजे लाईट गेल्यावानी! दोन ठोक्यांच्या मधी माणूस च्या पिऊन येतंय की."

"ती मोकळी जागाच ऐकायची असती. खर्ज कानानं न्हाय, छातीनं ऐकायचा."

"दादा, छातीला कान फुटल्यात व्हय तुझ्या?"

आतून कृष्णातची आई, चिमणाबाई, ओरडायची, "भांडताय का गाणं करताय रं? निम्म्या गल्लीला ऐकू जातंय!" मग दोघं हसायची आणि पुन्हा भांडायची. एवढं प्रेमानं भांडताना मी लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा कुणाला पाहिलं नव्हतं.

त्या हसण्याला पुढं ओहोटी लागली. संघप्रिया बोललेलं कृष्णात पुन्हा विचारू लागला. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं टक लावून बघू लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाच्या नसा मेल्यात, आणि जे उरलंय तेही हळूहळू जाणार. इतकी वर्षं स्पीकरच्या भिंतीला टेकून उभं राहिल्याचं ते फळ होतं.

त्या दिवशी तो रडला नाही. माईक आत चुलीपाशी नेऊन ठेवला आणि म्हणाला, "आई, मला जेवायला बोलावतीस तशी हाक मार."

"आरं, तू तर हितंच हाईस."

"मी रस्त्यावर जाऊन उभा ऱ्हातो. तू चुलीपासनंच मार."

आणि चिमणाबाईंनी हाक मारली. "कृष्णाऽऽत, जेवायला येऽऽ गाऽऽ!" तीन घरं ओलांडून जाणारी, शेवटी वर चढणारी हाक. ती त्यानं माझ्यात भरली. गाण्यातला पहिला आवाज खर्जाचा, दुसरा ठोक्याचा, तिसरा संघप्रियाच्या हट्टाचा, गुरगुरणारा. आणि चौथा ही हाक.

रोज संध्याकाळी तो हेडफोन लावून ते गाणं ऐकायचा. ऐकू येतंय तोवर आईचा आवाज कानात मुरवून घ्यायचा होता त्याला. गाणं एकाच फ्लॉपीवर होतं. संघप्रिया सारखी म्हणायची, "दादा, दुसरीकडं कुठंतरी उतरवून ठिव की." तो म्हणायचा, "ठिवतो की." माणसांचं हे मला कधी कळलं नाही. सगळ्यात जपायची गोष्टच ती उद्यावर टाकतात.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची आणि त्यांची पूजा करायची. कृष्णात फुलं आणायला गेला होता. चिमणाबाईंनी दुकानातली सगळी हत्यारं गोळा केली. दुरुस्तीला आलेला डॉल्बीचा मोठा स्पीकर पालथा पडला होता. त्याच्या पाठीवरचं जाडजूड गोल लोहचुंबक त्यांना छोट्या चौरंगासारखं दिसलं. त्यांनी ते पुसलं. स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला, तर तो हातातून सुटून टच्‌कन चिकटला.

"बया! देवच वढून घेतोय की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

पोरगा ज्या फ्लॉप्या जिवापाड जपतो, त्यांनाच मानाची जागा द्यायची म्हणून त्यांनी फ्लॉप्यांचा डबा उचलला. फ्लॉपीवरचं लिखाण लोहचुंबकानं पुसलं जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. डबा त्या चौरंगावर बसला. वर हळद-कुंकू पडलं, झेंडूचं फूल चढलं.

दसरा झाल्यावर कृष्णातनं फ्लॉपी माझ्यात घातली. मी वाचू लागलो. पुन्हा पुन्हा वाचलं. तिथं काहीच नव्हतं.

संघप्रियानं डब्याच्या बुडाला लागलेलं कुंकू पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "काकू, तुम्ही ह्यो डबा—"

कृष्णातनं तिचा हात घट्ट धरला. "आईला सांगायचं न्हाय," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "आई, नवीन गाणं करतोय. परत एकदा हाक मार की."

संघप्रियानं घाईनं माईक पुढं केला. कृष्णातचा कान कधी पुरता मिटेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चिमणाबाईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि त्या तशाच थांबल्या.

"काय झालं, काकू?"

"जमंना गं. त्येला ऐकू येईनासं झाल्यापास्नं मी हाकच मारली न्हाय. जाती आणि खांद्याला हात लावती." त्यांनी पदर तोंडाला लावला. "न ऐकणाऱ्याला हाक कशी मारायची?"

शेवटी त्यांच्या तोंडून आवाज निघाला. बारका, दाराच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा न जाणारा. "कृष्णात, जेवायला ये."

संघप्रियानं तोच माझ्यात भरला. बाकीचे तीन आवाज तिनं आठवून आठवून पुन्हा जुळवले, आणि ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागा कृष्णातला आवडायच्या तेवढ्याच ठेवल्या. स्वतःची गुरगुर तिनं अगदी मागं सारली. मग हेडफोन त्याच्या कानावर चढवले.

"मोठा कर," कृष्णात म्हणाला.

तिनं केला.

"आणखी."

"दादा, पुरा मोठा हाय."

तिचे ओठ त्यानं वाचले. हेडफोन काढून ठेवले. गाणं स्पीकरवर सोडलं, त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हाताला खर्ज लागत होता. हाक मात्र हाताला लागत नाही.

"तुझंच खरं, दादा," संघप्रिया म्हणाली. "खर्ज कानानं ऐकायचाच नसतोय." इतक्या वर्षांचा वाद ती हरली आणि त्याला ते कळलंही नाही.

दारातून चिमणाबाईंनी विचारलं, "ऐकू आलं का रं?"

कृष्णातनं तेवढ्यात डोळे उघडले होते. आईचे ओठ हलताना त्याला दिसले.

"व्हय, आई," तो उठत म्हणाला. "आलो. वाढ."

दोघं आत गेली. संघप्रिया माझ्यासमोर बसून राहिली. तिनं गाणं नव्या फ्लॉपीवर उतरवलं, आणखी एका फ्लॉपीवर उतरवलं, तरी मला बंद करायला तिचा हात होईना.

मी अजून चालूच आहे. माझ्या चौथ्या आवाजात एक आई आपल्या मुलाला जेवायला बोलावते आहे, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती मी आलो, तर मला पुसा, जपा, नाहीतर माळ्यावर ठेवा. फक्त हे गाणं वाजत असताना माझ्यात पाचवा आवाज घालू नका. त्याला जागा करून द्यायला मला कुणाला तरी गप्प करावं लागेल.